पायलच्या चेहऱ्यावरचे पाच प्लॉट

मुरुमांचे प्रकार किती, हे मला कोणी शिकवू नये! अकोल्यात एकतीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलंय मी. एवढ्या वर्षांत माझ्यासमोर बाकांवर जितके मुरूम बसले, तितके एखाद्या डॉक्टरनेही पाहिले नसतील. त्यामुळे सोमवारी आमची नात पायल शाळेतून आली, दप्तर फेकलं आणि आरशासमोर उभी राहून रडायला लागली, तेव्हा मी शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणालो, "सहा दिवस दे मले. रविवारपर्यंत तोंड कोऱ्या पाटीसारखं करून देतो!"

रविवारी अमरावतीला विभागीय वक्तृत्व स्पर्धा होती. शाळेतून एकच नाव जाणार होतं, ते पायलचं. विषय होता 'वैज्ञानिक दृष्टिकोन'. महिनाभर आम्ही दोघांनी मिळून भाषण बसवलं होतं, आणि आता बाईसाहेब म्हणत होत्या, "मी जाऊन नाई राहिली! हे तोंड घेऊन स्टेजवर? लोक भाषण आयकतीन का माझे पिंपल मोजतीन?"

तिचे आईवडील नोकरीला लांब जंगलात, सेमाडोहला. तिकडे फोन लागला तर लागला. म्हणजे सगळी जबाबदारी माझी. आणि खरं सांगायचं तर सगळा अधिकारही माझाच!

मी ताबडतोब वर्ग घेतला. व्हरांड्यातल्या फळ्यावर पायलचा चेहरा काढला आणि खडू फिरवत सांगू लागलो, "हे पाय, नाकावरचे काळे ठिपके. छिद्राचं तोंड उघडं असते, आतल्या तेलाले हवा लागते, म्हणून ते काळं पडते. तो मळ नाही, घासू नको. छिद्राचं तोंड बंद असलं का पांढरी पुटकुळी. ते सुजली का लाल फोड. पू झाला का पिवळं टोक. अन् खोलवर दुखणारी गाठ झाली, तं ते सगळ्यात वाईट. डाग ठेवूनच जाते. समजलं?"

"समजलं. पण जातीन कशानं?"

हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता! पण एकतीस वर्षांत मी कोणत्याही पोरापुढे 'माहीत नाही' म्हटलेलं नाही.

कृषी विद्यापीठाच्या शिवारफेरीत मी पाहिलं होतं, की शेताचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्यात वेगळं औषध मारतात आणि तुलना करतात. म्हटलं, चेहरा काय वेगळा आहे? मी पायलच्या चेहऱ्याचे पाच प्लॉट पाडले. कपाळाला कडुलिंबाचा लेप. उजव्या गालाला टूथपेस्ट. डाव्या गालाला लिंबाचा रस. हनुवटीला हळद आणि खायचा सोडा. नाकाला काहीच नाही, कारण तुलनेसाठी एक प्लॉट कोरा सोडावाच लागतो. सीमारेषा स्केचपेनने आखल्या. पट्टी लावून!

माझी बायको भागीरथा पोळ्या सोडून बाहेर आली. "कापसाची पऱ्हाटी आहे काय ते? लेकराच्या तोंडावर फवारणी करून राहिले!"

"भागीरथा, हा प्रयोग आहे."

"मंग सोताच्या टकलावर करा नं! तिथं तं पूर्ण वावर रिकामं पडलं आहे!"

बुधवारी सकाळी निकाल लागला. उजव्या गालाचे पोपडे निघत होते. डावा गाल तव्यासारखा तापला होता. हनुवटी पिवळी, कपाळ हिरवं. पोरगी रंगपंचमीत सापडल्यासारखी दिसत होती!

"आबा," ती आरशात बघत म्हणाली, "नाक मात्र बरं दिसून राहिलं!"

नाकाला आम्ही काहीच लावलं नव्हतं. यावरून कुठल्याही शहाण्या माणसाने जो निष्कर्ष काढला असता, तो मी काढला नाही. मी कडुलिंबाचा डोस वाढवला! शाळेच्या मैदानामागून हारा भरून डहाळ्या आणल्या. पाला सावलीत वाळवायचा असतो आणि आमच्या घरात सावली आणि वारा एकत्र मिळतो तो फक्त पुढच्या दारात. तेव्हा जुड्या बांधल्या आणि दाराच्या चौकटीला टांगल्या.

वऱ्हाडातल्या वाचकांनी इथेच कपाळावर हात मारला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. दाराला कडुलिंबाच्या डहाळ्या आणि आत फोड आलेलं लेकरू, याचा आमच्याकडे एकच अर्थ निघतो. घरात माय आली! म्हणजे कांजण्या. मग त्या घरात कोणी शिरत नाही, फोडणीचा वास जाऊ देत नाहीत आणि दुखण्याचं नाव घेत नाहीत. मला हे माहीत नव्हतं का? वर्गात हेच तर जन्मभर खोडून काढलं मी! पण त्या दिवशी डोक्यात फक्त सावली आणि वारा होता.

शेजारच्या मैनाबाई विरजण मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. वर डहाळ्या पाहिल्या, आत पायल पाहिली, चपला काढल्या आणि हात जोडले.

"कवा आली, गुरुजी?"

मला वाटलं, पायलचंच विचारताहेत. "आताच आली शाळेतून."

"शाळेत पाठोली होती? अवो बापा!"

"मैनाबाई, घाबरू नका. ह्या तारुण्यपीटिका आहेत."

"नाव नका घेऊ, गुरुजी! कोपते ते!"

विरजण तिथेच राहिलं. अर्ध्या तासात मैनाबाईंनी दाराबाहेर दहीभाताचा डबा ठेवला आणि संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत कोणीही वरणाला फोडणी दिली नाही. दूधवाल्याने पिशवी फाटकावरून फेकली! मी दारोदार जाऊन समजावू लागलो, तर लोक दार लोटून घेत आणि आतून सांगत, "समजलं, गुरुजी, समजलं. तुमी दूर राहूनच बोला!"

गुरुवारी शाळेतून सीमा मॅडमचा फोन आला. ही माझीच विद्यार्थिनी, आता माझ्याच जुन्या शाळेत शिकवते.

"सर, पायलले आराम करू द्या. स्पर्धेत आमी वर्षालीचं नाव टाकतो."

"अवं, मुरूम आहेत ते!"

"पण दाराले निंब बांधला म्हणतात नं?"

"तो मी बांधला! वाळवून राहिलो!"

पलीकडून हळूच आवाज आला, "सर... तुमीपण?"

ते दोन शब्द मला लिंबाच्या रसासारखे झोंबले. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "गाडीत साऱ्या शाळायची मिळून चौदा लेकरं राहतात, सर. मले रिस्क नाई घेता येत. शनिवारी दुपारपर्यंत डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, नाहीतं वर्षाली जाईन."

पायल माझ्या मागेच उभी होती. तीन दिवस रडणारी पोरगी एकदम ताठ झाली. "वर्षाली? माझ्या जागेवर? चला डॉक्टरकडे! तोंड कसंबी राहो, जाईन तं मीच जाईन!"

आता बोला! चार दिवस मी ज्या वाक्यासाठी झटत होतो, ते वर्षालीच्या नावाने अर्ध्या मिनिटात निघालं!

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी शुक्रवारी पायलला दिव्याखाली बसवलं. "कांजण्या वगैरे काही नाही. पिंपल अगदी साधे आहेत. पण बाकीचं हे काय आहे?"

पायलने शास्त्रशुद्ध अहवाल दिला. "कपाळ कडुलिंब, उजवा टूथपेस्ट, डावा लिंबू, हनुवटी हळद-सोडा, नाक कोरं."

"कोणी केलं हे?"

भागीरथा आणि पायल, दोघींची बोटं दोन्ही बाजूंनी माझ्यावर रोखली गेली.

"पण प्रकार मी बरोबर सांगितले होते," मी म्हणालो.

"प्रकार बरोबर आहेत, सर. पण लिंबू आणि टूथपेस्ट त्यातल्या एकालाही चालत नाही." मग त्या पायलकडे वळल्या. "दिवसातून दोनदा सौम्य साबणाने चेहरा धुवायचा. घासायचं नाही, फोडायचं नाही. हा मलम रोज संध्याकाळी वाटाण्याएवढा घेऊन पूर्ण चेहऱ्याला पातळ लावायचा, नुसता फोडावर नाही. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. गाठी आल्या तर मात्र लगेच यायचं. आणि मलम पुढच्या आठवड्यापासून सुरू कर. आधी आजोबांनी केलेलं बरं होऊ दे."

सर्टिफिकेटवर लिहिलं होतं, 'संसर्गजन्य आजार नाही. त्वचेचा दाह घरगुती उपचारांमुळे.' खाली गोल शिक्का! सीमा मॅडमने ते स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचलं. माझे तीन जुने सहकारी एकदम वह्या तपासण्यात गुंग झाले.

"पायल जाईन, सर," ती म्हणाली. "सोबत घरचं एक माणूस चालते."

मी कॉलर सरळ केली.

"आजीले पाठवता?"

रविवारी मी एकटाच घरी बसलो. चारच्या सुमारास पायलचा फोन आला. "आबा, दुसरा नंबर!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "चेहऱ्याचं कोणी काही बोललं?"

"नाई. अन् जेवणाच्या सुट्टीत सात-आठ पोरी माझ्याभोवती बसल्या. सगळ्यायच्या तोंडावर काही ना काही होतंच! मी त्यायले कागदाच्या प्लेटवर चेहरा काढून सारं शिकवलं. काळे ठिपके, पांढरी पुटकुळी, लाल फोड, गाठ. उपचार डॉक्टरीणबाईचे सांगितले."

"शाब्बास! मग?"

"मंग त्यायनं विचारलं, तुले हे कोणं शिकवलं? मी म्हटलं, आमच्या शाळेतल्या मॅडमनं."

"मॅडमनं? माझं नाव काहून नाही सांगितलं?"

"आबा, तुमचं नाव सांगितलं असतं, तं त्यायनं माझ्या गालाचंबी विचारलं असतं नं!"

मी फोन ठेवला. पोरीचं तर्कशास्त्र पक्कं आहे. ते तिला कोणी शिकवलं, हे हल्ली मीही कोणाला सांगत नाही!