विळ्यासोबतचं कार्ड

डोमाजी खरवडे विळा विकायचे तेव्हा गिऱ्हाइकाच्या हातात विळ्यासोबत एक पोस्टकार्डही ठेवायचे. कार्डावर पत्ता आधीच लिहिलेला, आणि तोही डोमाजींचाच, मुक्काम कळमेश्वर. मागची बाजू कोरी. गिऱ्हाइकानं विळा वापरायचा, कसा चालला ते लिहायचं आणि कार्ड पेटीत टाकायचं. "माल गेला म्हंजे इकला नाई बाबू," ते मला सांगत. "जवाब आला म्हंजे इकला."

आणि जवाब यायचेही. काटोल, सावनेर, वरूडकडून. कोणी लिही, विळा चांगला आहे. कोणी लिही, मूठ सैल झाली, शिवाय पोरीचं लग्न ठरलं आहे, यावे. डोमाजी लग्नाला जात आणि मांडवाच्या मागे बसून मूठ घट्ट करून देत.

आता मी कोण ते सांगतो. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतल्या सहा लहान कारखानदारांनी मिळून एक संघ काढला. त्या संघाचा मी सचिव, शहरातल्या सदर भागात एका माडीवरच्या खोलीत बसणारा. सचिव म्हणजे कारकून, टायपिस्ट आणि चहा सांगणारा. संघाची कल्पना सोपी होती. आफ्रिकेतला व्यापारी जेवढे विळे मागतो तेवढे एकट्याच्या भट्टीतून वर्षभरात निघत नाहीत. एकट्याला प्रदर्शनात गाळा परवडत नाही, आणि मुंबईचा दलाल एकट्याला दारातही उभं करत नाही. सहाजण मिळून केलं तर जमतं. तिघांनी पाती घडवायची, एकानं धार लावायची, एकानं मुठी करायच्या, आणि संत्र्याच्या पेट्या करणाऱ्यानं खोकी. नाव एक, छाप एक. कागदावर हे फार छान दिसे. प्रत्यक्षात तिघांना एका मापाचं पातं करायला लावण्यात माझे दोन उन्हाळे गेले आणि डोक्यावरचे केसही.

त्यात डोमाजी सर्वांत अवघड. त्यांचं पातं नमुन्यापेक्षा सूतभर जास्त वाकलेलं. मी विचारी, "असं का, डोमाजीभाऊ?" ते म्हणत, "हात तसाच वळते. त्याले मी का करू?" शेवटी संघाच्या सभेनं डोमाजींचाच विळा नमुना म्हणून मंजूर केला, कारण त्यांना बदलण्यापेक्षा बाकीच्या दोघांना बदलणं सोपं होतं.

पण पात्यावर फक्त संघाचा छाप बसणार, खरवडे हे नाव कुठेच नसणार, हे कळलं तेव्हा त्यांनी हातोडा खाली ठेवला.

"मंग तिकडच्या मानसाले कसं समजन, कोनं केला?"

"समजायची गरज नाही, भाऊ. माल संघाचा."

त्यांनी हातोडा पुन्हा उचलला. मला वाटलं, पटलं. एवढी वर्षं माणसांत काढून मी इतका भाबडा कसा राहिलो कोण जाणे.

आफ्रिकेचा पहिला माल निघायच्या दिवशी सरकारी तपासनीस आले. त्यांच्यासमोर एक खोकं उघडलं, तर आत गवताच्या वर पोस्टकार्ड. गोल, वळणदार अक्षरात पत्ता, मुक्काम कळमेश्वर. साहेब चष्मा पुसत होते तेवढ्यात मी ते उचलून खिशात घातलं आणि ऑफिसात आल्यावर टेबलाच्या खणात टाकलं. पुढच्या सभेत विषय काढू असं ठरवलं. मग त्याचाही कंटाळा आला.

त्यानंतर डोमाजी दर मंगळवारी एसटीनं सदरला येऊ लागले. माडीचे जिने चढून धापा टाकत दारात उभे राहायचे. "परदेसची डाक आली का गा बाबू?" चव्वेचाळीस खोक्यांत एकेक कार्ड घातल्याचं त्यांनीच मला सांगून टाकलं. खणातल्या कार्डाचं मी बोललो नाही. पुन्हा सगळं पहिल्यापासून समजावायचं त्राण नव्हतं.

एवढंच म्हणालो, "भाऊ, आपलं तिकीट तिकडे चालत नाही."

"काहून? सरकारी तर हाय."

"आपल्या सरकारचं."

"मंग? कार्डही आपल्याच गावाले येऊन राह्यलं ना."

मी दुसरा मुद्दा काढला.

"आणि तो माणूस मराठीत लिहील का?"

"त्याच्या बोलीत लिहन. मले तरी कुठं वाचता येते? कोनी ना कोनी वाचून देईन."

बऱ्याच महिन्यांनी व्यापाऱ्याचं पत्र आलं. माल पसंत, पुढची मागणी दुप्पट. माझा जीव भांड्यात पडला. खाली एक ओळ होती, की खोक्यांत कृपया सुटे कागद घालू नयेत. सोबत जाड पाकिटात ते कागद परत. तिकडेही माझ्यासारखाच एखादा दमलेला कारकून असणार, ज्यानं ते खोक्याखोक्यातून काढून, एकावर एक रचून दोरीनं बांधले होते.

मंगळवारी डोमाजी आले. मी आधी दुप्पट मागणीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग गठ्ठा पुढे ठेवला. एकेक कार्ड त्यांनी उलटून पाहिलं. सगळी कोरी. मला फार वाईट वाटलं.

त्यांनी कार्डं पुन्हा सुलटी केली आणि पत्त्यावरून बोट फिरवलं. "हे समदे माह्या घरवालीनं लिवले. जवाब आला का भट्टीपाशी बसून थेच वाचून दाखवे. दवाखान्यात न्यायच्या आधी हा गठ्ठा लिवून ठेवला, म्हने माल थांबाले नको. थे काई वापस आली नाई."

"अहो, मग हीच कशाला पाठवलीत?"

"तिले कामठीच्या पुढं कधी नेलं नाई मी. म्हटलं, अक्षर तरी जाऊ दे."

मग त्यांनी कार्डं मोजली. दुसऱ्यांदा मोजली. "त्रेचाळीस हायेत, बाबू. म्या चव्वेचाळीस टाकले होते, माह्या हातानं." त्यांनी गठ्ठ्याची दोरी बोटाला गुंडाळली. मग त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. "एक तिकडंच राह्यलं. कोनंतरी ठेवून घेतलं गा. अक्षर पाहूनच ठेवलं असन."

माझा गुडघा टेबलाच्या खणाला टेकला होता.

"ठेवलं असेल," मी म्हणालो.

ते अजून मंगळवारी येतात. एका कार्डाचा जवाब यायचा आहे, म्हणून. मी सांगतो, अजून नाही आला, भाऊ. चहा मागवतो, तो पिऊन ते जातात. कार्ड खणातच आहे. त्याच्यावर पत्ता कळमेश्वरचा, तिकीटही आपलंच. पेटीत टाकलं तर दोन दिवसांत कोरंच त्यांच्या दारात पोचेल. म्हणून टाकत नाही.