शत्रूचं नाव शेवटी

डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात दिवसभर फक्त पंखा फिरत असे. "पेशंट वाढले नाहीत, तर गाळा मोबाइल दुरुस्तीवाल्याला भाड्याने देऊन टाकू," असं मुलाने जाहीर केलं, तेव्हा सुनेने सासऱ्यांना कॅमेऱ्यासमोर बसवलं.

डॉक्टरांचं पहिलंच वाक्य होतं, "डोळे चुरचुरतात? आधी हातातला मोबाइल बाजूला ठेवा."

संध्याकाळी सून आकडे बघून आली. "बाबा, पहिल्या वाक्यालाच सगळे पळाले."

"पळाले कुठे? ऐकलं त्यांनी!" डॉक्टर हरखले. इतक्या लोकांनी त्यांचं एकदम कधीच ऐकलं नव्हतं.

"अहो, लोक थांबल्याशिवाय व्हिडिओ चालत नाही. हा सल्ला शेवटी टाकू. सुरुवातीला नुसतं म्हणा, डोळ्यांचा सर्वांत मोठा शत्रू कोण, ते शेवटी सांगतो."

"पण शत्रू तर त्यांच्या हातातच असतो ना, गं?"

"म्हणूनच शेवटी."

डॉक्टरांना हे पटलं नाही. पण आपलं न पटणं बरोबर आहे, याचीही त्यांना खात्री नव्हती. व्हिडिओ धो धो चालला. सुनेने रोज एक काढायला सुरुवात केली. बघता बघता दवाखाना भरला. मुलाने जादा खुर्च्या आणल्या आणि गाळ्याचा विषय सोडला.

"डोळे इतके लाल कशाने झाले?" डॉक्टरांनी समोरच्या शिंप्याला विचारलं.

"तुमचे व्हिडिओ बघून. पापणी लवू देत नाहीत, डॉक्टर!"

"मग शेवटी मी काय सांगतो?"

"मोबाइल बाजूला ठेवा म्हणता. ठेवणारच असतो, तर तुमचाच पुढचा सुरू होतो."

नंतरच्या तिघांचंही तेच. डॉक्टर उठून बाहेर आले. सगळ्या माना खाली होत्या. त्यांनी ट्रे फिरवून मोबाइल गोळा केले आणि सगळ्यांना नुसतं बसायला सांगितलं. लोक आधी कावरेबावरे झाले, मग खिडकीबाहेर बघू लागले, मग गप्पांना लागले.

"चुरचुर थांबली की हो माझी!" शिंपी म्हणाला आणि ट्रेमधला आपला मोबाइल उचलून घरी गेला. त्याच्यामागोमाग आणखी चौघे निघाले.

सून धावत आत आली. "बाबा, खुर्च्या रिकाम्या होतायत! उरलेल्यांना मोबाइल देऊन टाकू का?"

डॉक्टर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"इतक्यात नको," ते हळूच म्हणाले. "पाच मिनिटांनी दे."