राणीचं उष्टावण

आमचे शेजारी गुंडोपंत कुत्रीसाठी योजलेला प्रत्येक पदार्थ आधी स्वतः खात आणि खिशातलं घड्याळ मांडीवर ठेवून तासभर ओट्यावर बसत. तासाभरानं आपण जिवंत आहोत अशी खात्री पटली, की तो पदार्थ पास! मग त्याचं नाव यादीत चढे. "जिवाशी खेळ नको, बाबा!" हे त्यांचं पालुपद.

कुत्री वीतभर. बदली होऊन गेलेल्या रेल्वेच्या गोऱ्या गार्डानं दिलेली. जात विलायती, मोठी झाली तरी मांजराएवढीच राहणार. नाव राणी. पंत कचेरीतून पेन्शन घेतलेले, घरात एकटे. माझ्या बायकोनं कौतुकानं शेंगाची चटणी दिली, तर ती चाखून त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. "वहिनी, ही माणसालासुद्धा घालू नका." पुढं दोन दिवस आमच्या घरात त्यांचं नाव काढायची सोय नव्हती.

तांदळाची पेज, मऊ खिचडी, मुगाचं वरण, सगळं पास झालं. राणीला मात्र नुसतं दूध, तेही पाणी घालून. मी गल्लीभर त्यांची टिंगल करत फिरलो.

राणी आल्यापासून आठव्या दिवशी सकाळी ती उठेना. बरगड्या मोजता येत होत्या. पंतांचा चेहरा पांढराफटक पडला. रतीब घालायला आलेल्या रखमा गवळणीनं राणीचं तोंड उघडून पाहिलं.

"पंत, दात आल्यात की हिला! नुसत्या पान्यावर कशी जगंल? भाकरीचा पापुद्रा दुधात कुस्करून घाला. तिकट-मीट न्हाय."

"अगं, पण दोनच महिन्यांची आहे!" पंत कळवळून म्हणाले. "मुलीचं उष्टावण पाचव्या महिन्यात. त्याआधी अन्न कसं घालू?"

मला हसू आवरेना. "मग आजच उरकून टाकू की!"

"मामा लागतो," पंत गंभीरपणे म्हणाले. "मांडीवर घ्यायला."

अशा रीतीनं मी कुत्रीचा मामा झालो. रखमानं आमच्याकडची ताजी भाकरी आणून कुस्करली. पंत आत गेले आणि चांदीची इवलीशी वाटी घेऊन आले. वाटीवर एक ओरखडा नव्हता.

"आमच्या कमळीसाठी घडवली होती," ते म्हणाले. "पाचवा लागायला चार दिवस राहिले होते. मग तिची आईही फार दिवस राहिली नाही."

मला स्वतःची लाज वाटली. बोटावर घास घेऊन मी राणीच्या तोंडाशी धरला. तिनं तो हुंगला, चाटला आणि सरळ वाटीतच तोंड घातलं.

"सावकाश गं, ठसका लागेल," पंत म्हणाले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.