पप्पांची हजेरीवही

अर्ज लिहिण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, असं मी परवापर्यंत समजत होते. हडपसरच्या ऑफिसात न जाता कायम घरून काम करायची परवानगी हवी होती, म्हणून लिहिलं : 'वडिलांची बायपास झाली आहे. आई नाही. वडिलांना पाण्याचा पेलाही हातात द्यावा लागतो.' पेल्याचं जरा जास्त झालं, पण पप्पांना दिवसभर एकटं ठेवायला माझं मन धजत नव्हतं.

तीन आठवडे घरून काम करून झाले होते. निकाल सोमवारच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये, एचआरच्या उत्कर्षा मॅडम देणार होत्या. मी पप्पांना बजावलं, "आत पडून राहा. आणि जमलं तर आजारी दिसा."

पप्पा म्हणजे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात छत्तीस वर्षं, त्यातली वीस युनियनमध्ये. एकच्या ठोक्याला ते ताट घेऊन थेट कॅमेऱ्यासमोर आले.

"मॅडम, जय भीम. पोरगी आठपासून बसलीय. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, कायदा आहे."

"पप्पा, तो कारखान्यांचा कायदा आहे."

"ऑफिसवाल्यांना पोट नसतं का?"

मग त्यांनी वही उघडली. माझी हजेरी! "मंगळवार, जेवण पावणेचारला. बुधवार, नुसती बिस्किटं. गुरुवार, मी भरवलं, ही टाइप करत होती."

"स्वयंपाक कोण करतं?" मॅडमनी विचारलं.

"मीच. डॉक्टरांनी हलकं काम करा म्हणून सांगितलंय. हिला फोडणी जळलेली कळत नाही."

मॅडमनी माझा अर्ज पुन्हा वाचला. पेल्यापाशी थांबल्या असाव्यात. माझे कान तापले.

काहीतरी बिघडलंय, हे पप्पांना कळलं. ताट खाली ठेवून ते हळूच म्हणाले, "मॅडम, ही घरात असली की दुपारी माझा डोळा लागतो. नाहीतर छातीवर हात ठेवून पडून असतो नुसता."

मॅडमनी अर्ज बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "दीक्षा, आधी जेवून घे."

संध्याकाळी पत्र आलं. मंजूर. फक्त कारण बदललं होतं : 'कर्मचाऱ्याची काळजी घेणारे वडील घरीच असतात.' खाली अट, हजेरीवही दरमहा पाठवावी.

मला रडूच आलं. पप्पांनी चष्मा लावला, घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं : 'चहाला सात मिनिटं उशीर. कारण, रडत होती.'