कोपरवाले गजभिये

गजभिये दार कोपरानं उघडत. दवाखान्याचं, घराचं, हॉटेलाचं. एकदा जिल्ह्याहून मोठे साहेब तपासणीला आले, तेव्हा जीपचं दार उघडायला गजभियेच पुढे होते. तेही त्यांनी कोपरानंच उघडलं. साहेबांना वाटलं, माणसाचा हात अधू आहे. जाताना त्यांनी डॉक्टरांकडे हळहळ व्यक्त केली.

साठ सालानंतरची ही गोष्ट. पांढरकवड्याला दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि मागच्या अंगाला लिंबाखालच्या खोलीत गजभिये थुंकी तपासत. क्षय तेव्हा कुठल्याही घरात निघायचा. खेड्यापाड्यांतून लोक डब्यांत थुंकी घेऊन येत. गजभिये ती काचपट्टीवर पसरून रंगवत आणि यंत्राला डोळा लावून जंतू शोधत.

खोलीतला त्यांचा अवतार पाहण्यासारखा असे. गुडघ्याखाली जाणारा, मागून बांधलेला कोट. जुन्या धोतराच्या चार पदरांची मुखपट्टी. रबरी हातमोजे, त्यांना सायकलच्या ट्यूबची ठिगळं. कोट खोलीबाहेर कधी यायचा नाही. आतच फिनेलमध्ये भिजायचा, आतच स्टोव्हवर उकळायचा. तपासलेले डबे मागच्या खड्ड्यात जाळले जायचे. त्या काळी काचेच्या नळीतून औषधं तोंडानंच ओढायची रीत होती. गजभियांनी सायकलच्या भोंग्याचा रबरी फुगा काढून नळीला बसवला. डॉक्टर खूप हसले. 'आता वाजवा की,' म्हणाले.

'जंतूले गंमत समजत नाही जी,' गजभिये म्हणाले आणि कामाला लागले.

हे त्यांचं पालुपद होतं. कोणी दिवाळीचा चिवडा खोलीत नेला की जंतूले सण समजत नाही. कोणी चिठ्ठी आणली की जंतूले वशिला समजत नाही. लग्नाच्या पंगतीत ते टोकाला बसत, शेजारचं पान मोकळं ठेवून. यजमान बिचारा तिथंही वाढून जाई.

खोलीच्या दाराआधी त्यांनी गेरूची जाड रेघ मारली होती. डबा रेघेवर ठेवायचा आणि मागं व्हायचं. एकदा मुकुटबनकडचे एक पाटील सुनेची थुंकी घेऊन आले ते तडक आत शिरू लागले. गजभियांनी हात आडवा केला. गजभियांच्या घरानं धम्मदीक्षा घेतलेली होती, हे पाटलांना नावावरून कळलं होतंच. त्यांचा चेहरा लाल झाला.

'आता तुमी आमाले बाहेर उभं ठेवसान काय?' त्यांनी विचारलं.

गजभियांनी आवाज चढवला नाही. 'माह्या बापाले रेघ होती ना पाटील, ते जातीसाठी होती. हे रोगासाठी हाये. तुमच्या घरी लेकरं असतीन. आत यासान, तं इथलं काही संगं घेऊन जासान.'

डबा रेघेवर ठेवून पाटील लिंबाखाली जाऊन बसले आणि निकाल येईपर्यंत उठले नाहीत.

गजभिये एकटेच राहत. बायको आणि मुलगी केळापूरला, बायकोच्या माहेरी, म्हणजे सायकलनं सहज जाता येईल इतक्या जवळ. माणूस भांडकुदळ नाही, पिणारा नाही, मग संसार असा दोन गावी काहून, याचे गावात नाना तर्क चालत.

एका रविवारी मला केळापूरला काम निघालं, म्हणून त्यांच्याबरोबर गेलो. वाटेत मी काही विचारलं नव्हतं. तेच बोलू लागले. पूर्वी ते दुसऱ्या गावच्या दवाखान्यात होते. धाकटा भाऊ शिकायला त्यांच्याजवळ राही. अंगावरच्या कोटानंच ते घरी येत, त्याच्याच ताटात जेवत. मॅट्रिकच्या वर्षी भाऊ खोकायला लागला. थुंकी गजभियांनीच तपासली. क्षयाच्या लाल काड्या दिसल्या, तेव्हा आपलंच काही चुकलं म्हणून त्यांनी दुसरी काचपट्टी केली. मग तिसरी. पुढच्या पोळ्याला भाऊ नव्हता. तिथले डॉक्टर म्हणाले, कुठूनही लागला असेल. शाळा आहे, बाजार आहे.

'असन,' गजभिये मला म्हणाले. 'पण माह्या कोटातून नाही लागला, असं कोणी छातीवर हात ठेवून सांगून नाही राह्यलं.'

केळापूरला पोचल्यावर त्यांनी आधी विहिरीवर अंघोळ केली, तिथंच ठेवलेले धुतलेले कपडे घातले आणि अंगणाच्या एका कडेला बाजेवर बसले. मुलगी दुसऱ्या कडेला. चार-पाच वर्षांची असेल. तिथूनच ती बापाला आपले चिंचोके दाखवत होती, एकेकाचं नाव सांगत होती. जवळ जायचं नाही हे तिला कोणी सांगावं लागत नव्हतं. खेळता खेळता ती तिथंच जमिनीवर झोपली. आजी वावरात, आई पाण्याला गेलेली. सरकत सरकत ऊन तिच्या तोंडावर आलं.

गजभिये उठून तिच्याजवळ गेले. वाकले. हात पुढे झाले आणि तसेच राहिले. मग ते सरळ झाले, थोडे सरकले आणि आपली सावली तिच्या तोंडावर पडेल असे उभे राहिले.

'कंपाउंडर, तुमी उचला ना जी तिले,' ते हळूच म्हणाले. 'घरात नेऊन ठेवा.'

मी तिला उचललं, आत वाकळेवर निजवलं आणि बाहेर आलो. ते अजून तिथंच उन्हात उभे होते.

'जड झाली काय जी?'

पोर चिमणीएवढी हलकी होती. मी म्हणालो, 'झाली ना. हात भरून आले माझे.'

'होईनच,' ते म्हणाले आणि बराच वेळ माझ्या रिकाम्या हातांकडे बघत राहिले.