कात्री चालू आहे

आमच्या शेजारचा दिलीप भामरे कॉलेजातल्या मुलांची परीक्षा माझ्या ओट्यावर घेतो. फळा नाही, पेपर नाही. परीक्षक मी, आणि माझी शाळा चौथीला सुटली.

सुरतेत लिंबायतच्या आमच्या गल्लीत बायका घरी बसून धागा कटिंग करतात. भरतकामाच्या साडीच्या उलट्या बाजूला धागे लोंबत असतात, ते कात्रीने कापायचे. दिलीप कॉलेजात शिकवतो त्या विषयाचं नाव लांबलचक आहे. अर्थ एवढाच की अन्यायाबद्दल असं बोलायचं की समोरच्याने ऐकलं पाहिजे. दर शनिवारी दुपारी तो चार-पाच मुलं आणतो आणि एकेकाला माझ्यासमोर उभं करतो. मूल बोलतं, मी कापत राहते. माझी कात्री थांबली तर पास. नाही थांबली तर दिलीप डोळे मिटूनच म्हणतो, "कात्री चालू आहे. बसा."

मागे मयूर नावाचा पोरगा आला. पांढरेशुभ्र बूट. म्हणाला, "मासी, वंचित घटकांचं सक्षमीकरण झालं पाहिजे."

"हे घटक राहतात कुठे रे?"

तो गडबडला. "मासी, म्हणजे... तुम्हीच."

"मग माझ्याशी बोल ना. मी समोर बसलेय, तू त्यांना काबरं शोधतोस?"

"कात्री चालू आहे. बसा."

एकदा एक मठ्ठ पोरगा बोलत असताना मला पाठीला खाज सुटली. कात्री खाली ठेवली. दिलीपने त्याला पैकीच्या पैकी दिले. खाजेचं मी पोटातच ठेवलं. पोराच्या घरी पेढे वाटले असतील, माझं काय गेलं?

हेतल मात्र खरी पास झाली. मांडी घालून समोर बसली आणि म्हणाली, "मासी, इतक्या साड्या हातातून गेल्या. यातली एखादी कधी नेसलात?" मला तिचा रागच आला. पण कात्री थांबली ती थांबलीच.

दिलीप घरीही असाच. दूधवाला उशिराचं कारण सांगायला लागला की हा म्हणतो, "दहा शब्दांत सांग," आणि बोटांवर मोजतो. लग्न केलं नाही ते बरं. बायको दोन शब्द सुनावून पहिल्याच दिवशी निघून गेली असती.

हा ओटा आधी दोघींचा होता. इथे मी बसायचे, तिथे याची आई सिंधू. धागे कापून तिने याला शिकवलं. नोकरी लागली तेव्हा बरोबरचे प्रोफेसर घरी आले. एकाने ओट्यावरच्या बाईकडे बोट करून विचारलं, ह्या कोण? दिलीप म्हणाला, "कामवाल्या मावशी." सिंधू उठली, आत जाऊन चहा केला, सगळ्यांना दिला आणि चौथ्या दिवशी शिरपूरला धाकट्याकडे निघून गेली. सहा वर्षं झाली. हा फोन करतो, ती ऊन-पावसाचं बोलते. सुरतेला यायचं नाव काढत नाही.

मागच्या शनिवारी मुलं गेली तरी हा उभाच.

"आक्का, आज माझी परीक्षा घ्या. आईला फोन करायचाय."

"बोल."

त्याने घसा खाकरला. "आई, त्या वेळची सामाजिक परिस्थिती आणि माझ्यावरचे दबाव..."

"कात्री चालू आहे. बस."

"थांबा ना आक्का. आई, तुझा जरा गैरसमज झाला..."

"कसला गैरसमज? तिने बरोबर ऐकलं होतं." मी कापतच होते.

तो सिंधूच्या जागेवर बसला. खाली पडलेला एक धागा बोटाला गुंडाळत राहिला. मग मान खाली घालूनच म्हणाला, "आई, मला तुझी लाज वाटली. चूक माझी. घरी ये."

नऊ शब्द. मी मोजले.

मी कात्री खाली ठेवली. या वेळी खाज नव्हती.

"पास. आता हे तिला सांग. मला काय सांगतोस?"

त्याने फोन लावला. तिकडून सिंधूचा आवाज आला, "बोल दिलू."

साड्यांचा अख्खा गठ्ठा बाकी होता आणि माल न्यायला टेम्पो संध्याकाळी यायचा होता. तरी त्याचं बोलणं होईपर्यंत मी कात्रीला हात लावला नाही.