सोपानआबांच्या पेटीवर गांधीलमाशी

सोपानआबांच्या फाटकातून आत जायचं तर आधी वास द्यावा लागतो. आबा मान पुढे काढतात, तुमच्या खांद्याजवळ दोनदा हुंगतात आणि मगच कडी काढतात. घरामागं शेवग्याखाली त्यांच्या मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत. पेटीच्या दारावर पहाऱ्याच्या माश्या येणारीला अशाच हुंगतात आणि परकी निघाली तर ओढून बाहेर काढतात. उग्र वासानं तर चवताळतातच.

बावड्यात आम्ही शेजारी. एकदा माझे मेव्हणे बारामतीहून आले, अंगभर अत्तर लावून. मी त्यांना हौसेनं पेट्या दाखवायला नेलं.

"पावणं, हितंच थांबा," आबा फाटकातच आडवे. "तुमी तर अख्खा लगीनमांडव घिऊन आलाय!"

मेव्हण्यांनी नळाखाली अंग धुतलं, आबांची बंडी घातली, तेव्हा कुठं पेट्या दिसल्या. त्यानंतर ते बावड्याला आलेले नाहीत.

आबांना एका जागी बसवत नाही. चहाचे दोन घोट घेतात की उठलेच. "जरा बघून येतो." परत येतात, "समदं ठीक हाय" म्हणतात, टेकतात, पुन्हा उठतात. मुलगा महेश लोणी देवकरला कंपनीत असतो. तो तिकडं राहायला बोलावतो. "आन् पेट्यांवर ध्यान कोण ठिवणार?" हे आबांचं ठरलेलं उत्तर.

गेल्या भादव्यात दुपारी त्यांनी कुंपणावरूनच हाक मारली, "पळ! गांधीलमाशी आलीय!"

पेटीसमोर ती घोंघावत होती. माझ्यादेखत एक मधमाशी उचलून घेऊन गेली आणि लगेच परत आली. आबांच्या हातात बॅडमिंटनची रॅकेट, पण मधमाश्यांना लागेल म्हणून मारवेना.

"ह्या वैतागल्या तर पेटी सोडून जातील रं समद्या!"

मी चप्पल काढली.

"न्हाय! दारातल्या मरतील!"

तेवढ्यात गांधीलमाशी दारावर उतरली. त्याच क्षणी मधमाश्या तिच्यावर तुटून पडल्या. लिंबाएवढा गोळा झाला, थरथरणारा.

"डंख न्हाय मारत," आबा पेटीसमोर येरझाऱ्या घालत पुटपुटले. "अंगाच्या उबंनं मारत्यात. भाजून."

हळूहळू गोळा सैल झाला. गांधीलमाशी मरून पडली, तिच्यासोबत चार-दोन मधमाश्याही.

आबांनी तिथूनच फोन लावला. "म्हेश, अरं आज काय झालं ठावं हाय का?"

पलीकडचं मला स्वच्छ ऐकू आलं. "आबा, ड्यूटीवर हाय. नंतर बोलतो." फोन बंद झाला.

आबांनी माझ्याकडं चोरून पाहिलं. फोन कानालाच ठेवला आणि सगळी हकिकत सांगितली. गांधीलमाशी, रॅकेट, गोळा. मधेमधे "व्हय, व्हय" म्हणत, थोडं थांबत. शेवटी म्हणाले, "बरं, येळेवर जेवत जा." मग फोन खिशात घातला.

मी विचारलं, "काय म्हणाला महेश?"

"लई नवल वाटलं त्याला," आबा म्हणाले. "येतो म्हनला बघायला."